हेल्पलाइन १४४१६, एक महागडं अ‍ॅप आणि सिव्हिलची ओपीडी : भावासाठी वापरून बघितलेल्या सगळ्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी डॉक्टर वगैरे काही नाहीये, अकाउंट्समध्ये जॉब करते आणि आजवर रिव्ह्यू लिहिलेत ते मिक्सरचे आणि एका पीजीचे. पण गेल्या पाच-सहा महिन्यांत मामेभावाच्या मनाच्या त्रासासाठी मदत शोधताना जे जे करून बघितलं ते कुणीतरी आधी लिहून ठेवलं असतं तर आमचे दोन महिने आणि बरेच पैसे वाचले असते, म्हणून बसले लिहायला. त्याला विचारून लिहितेय, नाव टाकत नाही. तो म्हणला, "लिही ताई, पण मेसचं पण लिही." ते येईल पुढे.

तर हा २२ वर्षांचा, बीएस्सी करून गावाकडनं पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेला. पेठेत कॉट बेसिसवर रूम, अभ्यासिकेत महिन्याची सीट, दोन वेळचा डबा, घरनं महिन्याला येणारे पैसे आणि ते येताना सोबत येणारं "कसा चाललाय अभ्यास?", सगळं नेहमीचंच. जूनमध्ये एकदा रात्री दीडला फोन आला, ताई छातीत धडधडतंय, हात गार पडलेत, मला काहीतरी होतंय. रिक्षा करून गेले, कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, नॉर्मल. पंधरा दिवसांनी परत तेच, परत ईसीजी, परत नॉर्मल, मग टूडी इको पण झाली, ती पण नॉर्मल. पित्ताची गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी. मामाला फोनवर सांगितलं गॅसेस आहेत, मामा म्हणाला चहा बंद करायला सांग त्याला.

तिसऱ्या वेळी कॅज्युअल्टीत एक नवीन डॉक्टर पोरगी होती, माझ्याहून लहान असेल, तिने बीपी घेता घेता सहज विचारलं की झोप कशी आहे. आणि हा गप्प. म्हणजे उत्तर सुचत नाही तसला गप्प नाही, तोंड भिंतीकडं करून गप्प. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे पित्त नाहीये. मग हळूहळू एकेक कळत गेलं, डबा दोन-दोन दिवस न उघडता परत जातोय, अभ्यासिकेत सीटवर त्याची बॅग असते पण हा नसतो, हा दिवसभर रूमवर कॉटवर पडून, आणि बाकीची पोरं समजतायत की रात्री जागून अभ्यास करतो म्हणून दिवसा झोपतो.

आता मदत शोधायची म्हणजे काय करायचं हे खरंच माहीत नसतं हो. ताप आला तर कुठं जायचं ते शेंबड्या पोराला पण माहितेय. ह्याचं तसं नाही. मी शोधताना माझ्यापुरतं एक माप ठरवलं आणि हा अख्खा रिव्ह्यू त्याच मापावर आहे: माझा भाऊ "मला बरं वाटत नाहीये" हे वाक्य एका जिवंत माणसासमोर बोलेपर्यंत मध्ये किती पायऱ्या आहेत. थेरपी कुठली, डिग्री कुठली, ते सगळं नंतर. कारण हे पोरगं तिसऱ्या पायरीवरनं परत फिरणार हे मला पक्कं माहीत होतं.

सुरुवात क्लासपासून. त्याच्या क्लासवाल्यांचा "विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष" आहे, फीच्या पावतीवर पण छापलंय. गेलो. कक्ष म्हणजे झेरॉक्स मशीनच्या मागची एक खोली आणि मार्गदर्शन म्हणजे सरांचं दर शनिवारचं मोटिव्हेशनल लेक्चर. त्यातलं एक वाक्य भावाने मला ऐकवलं, "ज्याला झोप प्यारी त्याने तलाठीच व्हावं." बाराशे पोरांसमोर. त्यातल्या किती जणांना रात्री झोपच लागत नसेल हे सरांच्या डोक्यात पण नसेल. स्टार नाही देत, द्यायला तिथं काही नव्हतंच.

मग अ‍ॅप. नाव लिहीत नाही, रीलच्या मध्ये मध्ये जाहिरात येते ना, पेस्टल रंगाचं, ढगावर बसलेली मुलगी, त्यातलंच एक. महिन्याला १,४९९ रुपये, पहिले सात दिवस फ्री, पण कार्ड आधीच टाकायचं. मी मोजलं, साइन अप केल्यापासून अकरा स्क्रीन. जन्मतारीख, ध्येय, आवडतं संगीत, नोटिफिकेशन किती वाजता पाहिजे, मूड कुठला तर पाच चेहऱ्यांमधला एक निवडा. भाषेत मराठी होतं म्हणून मी खूश, निवडलं तर काय, "तुमच्या भावनांसोबत बसा आणि त्यांना जागा धरून ठेवा." जागा धरून ठेवा! एसटीत रुमाल टाकतात तशी. भाऊ त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसला, तेवढं श्रेय अ‍ॅपला देते. माणसाशी बोलायचं असेल तर वेगळं पॅकेज, त्याचा स्लॉट मिळाला चार दिवसांनी आणि तासभर आधी कॅन्सल झाला, रिशेड्यूल करा म्हणून मेसेज. तोवर बॉटशी बोला. भाऊ दोन दिवस बोलला आणि म्हणला ताई हे बँकेच्या चॅटसारखंय, कायपण टाइप करा, शेवटी खालीलपैकी एक पर्याय निवडा. आठव्या दिवशी १,४९९ कट झाले ते वेगळंच, रिफंडसाठी मेल टाकून टाकून मला स्वतःला अँग्झायटी यायची वेळ आली. एक स्टार, तो पण हसण्याचा.

प्रायव्हेटमध्ये एक सायकॉलॉजिस्ट बाई मैत्रिणीने सुचवल्या, बाई खरंच चांगल्या, एकच सेशन झालं पण त्यात भाऊ रडला, आणि तो लहानपणापासून कुणासमोर रडलेला मला आठवत नाही. पण पंचेचाळीस मिनिटांचे १,५०० रुपये आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी. आठवड्याला एक म्हणलं तरी महिन्याचे सहा हजार, म्हणजे त्याची रूम अधिक मेस. त्याने बाहेर आल्यावर जिन्यातच हिशोब केला आणि म्हणला, मला आता बरं वाटतंय. हे "बरं वाटतंय" पैशाचं होतं हे न कळायला मी काय लहान नाहीये. बाईंना पाच स्टार, त्यांच्यापर्यंत पोचायच्या रस्त्याला दोन.

आता मेन. १४४१६.

हा नंबर मला कुठं मिळाला तर ऑफिसच्या लिफ्टमध्ये चिकटवलेल्या, कोपरा फाटलेल्या एका स्टिकरवर. टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची फोन हेल्पलाइन. केंद्र सरकारचं आहे, २०२२ च्या बजेटमध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, सुरू झालं. बेंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था, वरनं सगळं बघतं आणि राज्याराज्यांत त्यांचे सेल आहेत. टोल फ्री, चोवीस तास, वीस भाषा, त्यात आपली मराठी. २०२५ पर्यंत वीस लाखांच्या वर कॉल झालेत म्हणे, आणि माझ्या ऑफिसात मी विचारलं तर अकरा जणांत एकाला माहीत. अभ्यासिकेच्या भिंतीवर तर मेसची जाहिरात, रूम पार्टनर पाहिजे, जुनी पुस्तकं, केस गळतीवर खात्रीशीर उपाय, सगळं चिकटवलंय, हे नाही. माझी या सर्व्हिसबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच.

पहिला फोन मीच लावला, किचनमध्ये दार लावून, कुकरची शिट्टी व्हायच्या आत उरकेल या हिशोबाने. घरच्यांनी लावलेला चालतो, पेशंटनेच लावला पाहिजे असं काही नाही, हे लक्षात ठेवा. रेकॉर्डेड आवाज, भाषा निवडा, मग माणूस. ह्यात बटणं दाबायची तेवढीच पायरी. ना नाव, ना आधार, ना मोबाइलवर ओटीपी. मी तयारी करून बसलेले, सुरुवातीपासून सगळं पाठ केलेलं, आणि पलीकडच्या ताईंनी "हां, बोला" म्हणल्यावर मला आधी शब्दच फुटेना. त्यांनी घाई केली नाही. मग विचारलं, किती दिवसांपासून आहे, जेवतो का, झोपतो का, आंघोळ करतो का, मित्रांचे फोन उचलतो का, एकटा राहतो का कुणी सोबत आहे. आणि मग अगदी सरळ, आवाज न बदलता, जगणं नको झालंय असं काही बोलला का कधी. माझ्या पोटात गोळा आला. मी म्हणलं असलं विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात नाही का येणार? त्या म्हणाल्या नाही, विचारल्याने विचार येत नाही, असला तर बोलायला वाट मिळते, तुम्ही पण विचारा, सरळ शब्दांत विचारा. विचारलं मी नंतर. उत्तर काय आलं ते त्याचं आहे, इथं लिहिणार नाही, पण विचारलं ते बरं केलं.

मी म्हणलं आत्ता त्याला कॉन्फरन्सवर घेते. तर म्हणाल्या, "तुम्ही लावून नका देऊ. नंबर देऊन ठेवा, तो लावेल." मला पटलं नव्हतं खरं सांगायचं तर. हा लावणारा पोरगा आहे का? पण दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, वर काही लिहिलं नाही, खाली काही लिहिलं नाही. निळी टिक आली आणि विषय बंद.

पाचव्या दिवशी सकाळी मेसेज, "ताई तो नंबर लागतो."

रात्री दोनला लावला होता त्याने. धडधड सुरू झाली, रिक्षा करून ईसीजी काढायला जायचं की हा नंबर, असा विचार केला आणि हे फुकट आहे म्हणून हे, असं त्याने मला सांगितलं. पहिली दहा मिनिटं तो मेसबद्दल बोलला. वरणात पाणी, पोळ्या दुपारच्या, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा हा बिस्किटाच्या पुड्यावर झोपतो वगैरे, आणि पलीकडचा दादा ऐकत होता, मध्येच थांबवून मूळ मुद्द्यावर या म्हणला नाही, उलट पोळ्या किती देतात ते विचारलं. मला हे फार भारी वाटलं. कारण मूळ मुद्दा मेसच्या मागेच होता ना, रविवारी संध्याकाळी सगळे आपापल्या ग्रुपने बाहेर जेवायला जातात आणि ह्याला कुणी विचारत नाही, हे तो अकराव्या मिनिटाला बोलला.

त्या दादाने त्याला दोन कामं दिली. धडधड आली की श्वास आत घेताना चार मोजायचे आणि सोडताना सहा. आणि दुसरं, रोज एक लहान गोष्ट, मूड असो नसो, आणि तीही त्याने स्वतः ठरवायची. त्याने ठरवलं, दहाच्या आत आंघोळ. मी मनात म्हणलं ही काय ट्रीटमेंट झाली? नंतर वाचत बसले तर कळलं की ह्यालाच धरून गोव्यात केवढं मोठं काम झालंय. तिथं संगाथ नावाची संस्था आहे, १९९६ पासूनची, त्यांनी मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या पेशंटबरोबर सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम करून बघितला, गाभा हाच, की बरं वाटलं की करू असं न म्हणता आधी थोडं करायला लागायचं. फरक पडला, आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं ते. दिल्लीच्या सरकारी शाळांत पण पोरांबरोबर कॉमिकसारख्या पुस्तिका घेऊन असंच केलंय त्यांनी. आणि आपण बसतो मोठ्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटची वाट बघत. देशात लाख माणसांमागे धड एक सायकियाट्रिस्ट येत नाही, तर सुरुवातीची मदत अशाच कुणीतरी करायची आहे, दुसरं कोण करणार?

फोनला मर्यादा आहेत, ते पण लिहायला पाहिजे. समोरच्याला आवाज ऐकू येतो, पोरगं किती वाळलंय ते दिसत नाही. आणि फोन लावायला खासगी जागा लागते. आठ जणांच्या रूममध्ये कुठं बोलणार, हा गच्चीवर टाकीमागे जाऊन बोलायचा, पावसात छत्री घेऊन. १० ऑक्टोबर २०२४ ला त्यांचं अ‍ॅप पण आलंय, पण मेसचं वरण अ‍ॅपला सांगण्यात काय मजा, असं भावाचं मत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल नावाची हेल्पलाइन पण आहे, २०१२ पासून चालू, त्यांना ईमेल करता येतो, ज्याला तोंडाने बोलायला जड जातं त्याने ते बघावं. १४४१६ ला साडेचार. अर्धा त्या स्टिकरसाठी कापला.

तिसऱ्या कॉलला दादाने सांगितलं की एकदा समोरासमोर दाखवून घ्या, जवळच्या सरकारी दवाखान्यात मनोविकार ओपीडी असते. गणपतीला गावी गेलो तेव्हा जिल्ह्याच्या सिव्हिलला गेलो. गाव-जिल्हा लिहीत नाही, कारण पुढचं थोडं तिखट आहे. केसपेपरच्या खिडकीत "कुठला विभाग?" मी हळू आवाजात मनोविकार, तर आतनं जोरात, "वेड्यांचा का? मागे जा, सात नंबर." लाइनीतल्या सगळ्यांनी मान वळवून बघितलं. भावाने माझा हात सोडला आणि दाराकडं निघाला. मी धावत जाऊन धरला, म्हणलं भजी खाऊ, मग ठरव. कँटीनच्या भज्यांनी त्या दिवशी जे काम केलं ते कुठल्या मोहिमेने केलं नसेल. खिडकीवाल्याला शून्य. एका शब्दाने इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात घालवत होता तो.

पण सात नंबरच्या आत गेल्यावर चित्र वेगळं. दीड तास बसलो हे खरं, पंखा आवाज करत होता हे पण खरं, पण आतल्या सोशल वर्कर मॅडमनी त्याला एकट्याला घेतलं, मला बाहेर बसवलं, दार लावलं. नऊ प्रश्नांचा फॉर्म, मराठीत, चांगल्या मराठीत, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. सत्तावीसपैकी त्याचे तेरा आले. मॅडमनी सांगितलं दहा ते चौदा म्हणजे मध्यम, लवकर आलात. हे "लवकर आलात" ऐकून भावाचा चेहरा बघायला पाहिजे होता, कितीतरी महिन्यांनी कुणीतरी त्याला तू वेळेत आहेस असं म्हणलं. क्लासमध्ये तर सगळे उशिराच असतात.

डॉक्टरांनी रक्त काढायला सांगितलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. गोळी लगेच दिली नाही, म्हणाले हे बोलण्याचं आणि रोजच्या कामाचं महिनाभर नेमाने करू, नाही उतरलं तर गोळी आहे, तिची सवय-बिवय लागत नाही पण परिणाम दिसायला दोन-चार आठवडे जातात आणि मनाने बंद करायची नाही, एवढं आत्ताच ऐकून ठेवा. पैसे किती झाले? शून्य. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, केसपेपरला पण पैसे नाहीत. मी पर्स उघडून उभी, तर फार्मसीवाला म्हणतो काय शोधताय.

मामा बाहेर झाडाखाली उभा होता. आत यायला तयार नाही. त्याचा प्रश्न एकच, "आगं पण ह्येचं रेकॉर्ड ऱ्हातंय न्हवं? उद्या पोस्ट निघाली तर अडचन न्हाई येनार?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, तयारी करणारी अर्धी पोरं याच भीतीने दवाखान्याची पायरी चढत नसतील. मॅडम स्वतः बाहेर आल्या, झाडाखाली, आणि मामाला सांगितलं की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, २०१८ पासून लागू, त्यात उपचाराचा हक्क आहे आणि माहिती गुप्त ठेवण्याचा पण हक्क आहे, आम्ही कुणाला पाठवत नाही. मामा म्हणाला लिहून द्या. मॅडम हसल्या, म्हणाल्या कायदाच लिहून दिलेला आहे हो मामा. मामाला पटलं का माहीत नाही पण पुढच्या वेळी तो मोटारसायकलवर मागे बसवून स्वतः घेऊन गेला. ओपीडीला चार, दीड तास आणि खिडकी धरून. मॅडमना वेगळे पाच.

आता सध्या काय, तर महिन्याने परत तोच फॉर्म भरला, तेराचे नऊ झालेत. धडधड दोनदा आली, ईसीजी एकदाही नाही. आंघोळ दहाच्या आत होते, रविवारी सोडून. यंदाचा अटेम्प्ट देणार की नाही ठरलं नाहीये, आणि मी विचारत पण नाही. क्लास सोडला, अभ्यासिकेची सीट बदलून खिडकीजवळ घेतली, आणि त्या भिंतीवर केस गळतीच्या जाहिरातीशेजारी एक कागद लागलाय, पेनाने लिहिलेला, १४४१६, मराठीत बोलतात, रात्री पण लागतो. कुणी लावला मी विचारलं नाही, अक्षर ओळखते मी.

बी-ट्वेल्व्ह मात्र खरंच कमी निघालं. त्यामुळे मामी अख्ख्या गल्लीत सांगते की पोरगं इंजेक्शनला जातंय. भाऊ पण आता तेच सांगतो, मंगळवारी माझं इंजेक्शन असतं.